हौशी डाव का लिहितो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फोंड्याच्या बुद्धिबळ स्पर्धेतला एक डाव मी लिहिला होता, त्याबद्दल तुम्ही लिहिलंत, 'दोन हौशी खेळाडूंच्या चुका कशाला वाचायच्या? इंजिन (डाव तपासणारा संगणक प्रोग्राम) लावलं की मिनिटात सगळं कळतं. लिहायचंच तर हडफड्याच्या विश्वचषकातले डाव लिहा.' मोकळेपणाने लिहिलंत, बरं केलंत. मला मात्र हे पटत नाही, आणि का ते त्याच डावातून सांगतो.

शेवटी पटावर उरलं होतं एवढंच (अक्षर म्हणजे उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी ओळ): पांढरा राजा डी५, हत्ती ए७, प्यादं ई५, काळा राजा ई८, हत्ती बी६. ही फ्रेंच खेळाडू फिलिडोरच्या नावाची स्थिती, अठराव्या शतकापासून ठाऊक असलेली बरोबरी. काळ्याने हत्तीने सहावी ओळ धरून बसायचं, पांढऱ्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही. प्यादं ई६ वर आलं की हत्ती पहिल्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं, कारण प्याद्यापुढची लपायची जागा पांढऱ्या राजाने स्वतःच घालवलेली असते.

काळ्याने ओळ आधीच सोडली. हत्ती आधी बी१ वर आणि मग प्याद्याच्या मागे ई१ वर गेला, पांढरा राजा ई६ वर आला आणि ए८ वर मात दिसू लागली. आता वाचवणारी खेळी एकच, राजा एफ८. आखूड बाजूला, म्हणजे प्याद्याच्या ज्या बाजूला कमी रकाने आहेत तिकडे, गेलं की लांब बाजू हत्तीला आडवे शह द्यायला मोकळी राहते. त्याने राजा डी८ वर नेला आणि डाव गेला.

आता इंजिन लावून पाहा. हत्ती ई१ वर गेल्यावरही ते शून्यच, म्हणजे बरोबरी, दाखवतं; त्याच्या लेखी चूक झालेलीच नाही. पण डाव फिरला तिथेच! त्याआधी हत्ती ओळीवर इकडेतिकडे हलवला तरी चालत होतं. त्यानंतर एकच खेळी, तीही घड्याळात मोजके सेकंद उरलेले असताना.

२०२५चा विश्वचषक गोव्यात झाला याचा मलाही अभिमान आहे. विजेत्या सिंदारोवच्या डावांवर जगभर भरपूर लिहिलं गेलं. पण त्या पातळीवर ही स्थिती आली की दोघे हात मिळवून उठतात. ओळ सोडल्यावर काय होतं ते दिसतच नाही. म्हापशा-मडगावात रविवारी खेळणाऱ्या आमच्या मुलांना नेमकं तेच दिसायला हवं.

एक विनंती. इंजिन बंद ठेवून ही स्थिती मांडा, काळी मोहरी घ्या, घरातल्या कुणाला तरी पांढरी द्या. डी८चा मोह कशाने होतो ते मला कळवा. माझ्या मते, राजा मध्याजवळ ठेवायच्या सवयीने. तुमचं मत वेगळं असेल तर तेही लिहा.