आधी वजन सांगा, मग सायकल बघा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मेसेज करून एकच गोष्ट विचारली. "वजन शंभरच्या वर आहे, ई-सायकल झेपेल का, आणि कोणती घेऊ?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. पोस्ट लांब होणार आहे, पण तुमचा किंवा घरातल्या कुणाचा काटा शंभरच्या पुढं जात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझं वजन ११८ किलो. घर जुळे सोलापुरात, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाची. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालण्यापेक्षा सायकल बरी, गुडघ्यावर भार कमी येतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी ई-सायकल घेतली. आपल्याकडं इलेक्ट्रिक बाईक म्हटलं की स्कूटरच डोळ्यांपुढं येते, म्हणून आधीच सांगतो, मी पायडलवाल्या, लायसन्स न लागणाऱ्या सायकलबद्दल बोलतोय.

दुकानात मी मोटर विचारली, एका चार्जिंगला किती जाते ते विचारलं, रंगही विचारला. वजन किती झेपतं हे विचारलं नाही. मनात होतं, पण शेजारी कॉलेजची पोरं सायकली बघत उभी होती आणि मला लाज वाटली. दुकानदारानंही विषय काढला नाही. दोन महिन्यांत मागच्या चाकाचा पहिला आरा तुटला. तो बदलला, तर आठ दिवसांत आणखी दोन तुटले. दुकानात घेऊन गेलो तर माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरची बारीक ओळ दाखवली: कमाल भार १०० किलो. म्हणून वॉरंटी नाही. पैसे मोजून घेताना मी समोरच उभा होतो ना? माझं वजन काय खिशात लपवून आणलं होतं? त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही, आणि ही पोस्ट लिहायचं अर्धं कारण तेच आहे.

खरी गोष्ट कळली ती आमच्या भागातल्या सायकल मिस्त्रीकडं. तुटलेला आरा त्यांनी तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघा मालक, कुठं तुटलाय." मध्ये नाही, रिमकडच्या आट्यांजवळ नाही. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकातून जिथं तो वाकतो, नेमका त्या कोपरात. तुटलेलं टोक उजेडात धरलं तर अर्धं काळपट आणि अर्धं चकचकीत दिसत होतं. "काळं आहे तेवढं आधीच चिरलं होतं. चकचकीत तेवढं आज गेलं. हा आज नाही तुटला, महिनाभर तुटत होता." मग त्यांनी चाक हवेत धरून एकेका आऱ्यावर बोटानं टिचकी मारली. काही टणटण वाजले, काही नुसतेच थडथड. थडथड वाजणारे ढिले. चाक फिरताना खाली आलेल्या आऱ्याचा ताण कमी होतो, वर गेला की परत येतो. आरा आधीच ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्याला तो कोपरात हलतो, आणि तार वाकवून वाकवून तुटते तसा तुटतो. बसणाऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर, त्यात मोटरही मागच्याच हबमध्ये, म्हणजे ओढही तिथंच.

म्हणून माझं ठाम मत झालंय. जड माणसानं ई-सायकल घेताना मोटर नंतर बघावी, आधी मागचं चाक बघावं. आरे मोजा, ३६ हवेत. जाडी विचारा. नेहमीचा १४ गेजचा आरा २ मिलिमीटरचा असतो, १३ गेजचा २.३ आणि १२ गेजचा २.६. गेजचा आकडा कमी तेवढा आरा जाड. रिम डबल वॉलची, म्हणजे दुहेरी भिंतीची हवी. टायर रुंद घ्या, सव्वादोन इंचांच्या आसपास, आणि हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत पण वरच्या बाजूला ठेवा. आणि हे कुणीच सांगत नाही: नवी सायकल शंभरेक किलोमीटर चालली की मिस्त्रीकडं नेऊन आरे ताणून, चाकाचा आऊट (डुलणं) काढून घ्या. माझ्या पहिल्या सायकलला हे केलं असतं तर निदान सहा महिने तरी जास्त टिकली असती.

आता भाराचा आकडा. समजा १२० किलो लिहिलंय. ते फक्त माणूस आणि सामानाचं आहे की सायकलचं वजनही त्यातच धरलंय? दोन्ही पद्धती चालतात. सायकल २५ किलोची आणि तिचं वजन धरून १२० असेल, तर तुमच्या वाट्याला ९५ किलोच उरले, त्यातही डब्याची पिशवी आलीच. हे बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. माझ्या मते हा आकडा कंपन्यांनी फ्रेमवरच ठळक छापायला हवा. एका चार्जिंगला किती किलोमीटर ते मोठ्या अक्षरात छापतात, मग हा का नाही?

मोटरचं सांगतो. कायद्यानं ज्या सायकलला नोंदणी लागत नाही तिची मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असावं लागतं. जड लोकांना हमखास सल्ला मिळतो की हजार वॅटच्या मोटरचं किट बसवून घ्या, कोण विचारतंय. नका बसवू. ते मोटार वाहन ठरतं, नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि उद्या कुणाला धडकलात तर यातलं काहीच हाताशी नसेल.

२५० वॅट पुरतात का? सपाटीला आरामात पुरतात, आणि आपलं गाव बहुतेक सपाटच आहे. चढाचा हिशेब वेगळा. मी, सायकल आणि पिशवी धरून १५० किलो. चार टक्के चढ ताशी १५ किलोमीटरनं चढायचा तर नुसतं वजन वर न्यायलाच जवळजवळ २४५ वॅट लागतात. सत्तर किलोच्या माणसाला तेच १६७ च्या आसपास. म्हणजे आसरा पुलाच्या चढाला माझी मोटर एकटी पुरत नाही, पायडल मारावंच लागतं. थांबलेल्या सायकलला नुसता थ्रॉटल (मोटर चालवायची हँडलवरची मूठ) पिळून चढवू नका, मोटरचे आतले गिअर झिजतात. आधी दोन पायडल, मग थ्रॉटल.

उताराला तेच वजन ब्रेकवर येतं. त्याच वेगाला शंभर किलोपेक्षा दीडशे किलो थांबवायला ब्रेकला दीडपट काम पडतं. हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे चकतीचे ब्रेक घ्या, पुढची चकती १८० मिलिमीटरची मिळाली तर उत्तम. यात पैसे वाचवू नका. सीटचा दांडाही त्यावरच्या खुणेच्या वर ओढू नका, आपल्या वजनाला तो वाकतो.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-अवर. मला किलोमीटरला साधारण १३ वॅट-अवर लागतात, म्हणजे २७-२८ किलोमीटर. जाहिरातीतले साठ-सत्तर विसरा. माझ्या आताच्या सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट १४ अँपिअर-अवरची आहे, दिवसाआड चार्ज करतो. पण आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर तापलेली असताना चार्ज करायची नसते, आणि एप्रिल-मेत पत्र्याच्या शेडखाली उभ्या सायकलची बॅटरी तेवढी सहज तापते. म्हणून काढता येणारीच बॅटरी घ्या. मी कारखान्यात पोचलो की काढून आत टेबलाखाली ठेवतो, घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास पंख्याखाली थंड होऊ देतो आणि मगच चार्जरला लावतो.

आताच्या सायकलला दीड वर्ष झालं. आरा एकही तुटलेला नाही. वजन थोडं उतरलंय, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जिना चढताना आता कठडा धरावा लागत नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला मी कंबर तलावाच्या रस्त्यावर असतो. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी या, माझी सायकल चालवून बघा. सीट वर-खाली करायला पाना सोबत असतो.