रुकवूडची पदकं आणि कुंभारवाडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (कसब्यात वाढलात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो), रुकवूड या अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यावर मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. रुकवूड म्हणजे श्रीमंत घरच्या मुलीची हौस, ‘बापाच्या पैशावर पदकं कोणीही आणील’. आणि कुंभारवाडा हाकेच्या अंतरावर असताना सिनसिनाटीचं कौतुक मी कशाला करतोय? टोमणा पोचला.

पहिलं अर्धं मान्य. मारिया लाँगवर्थ निकोल्सने १८८० मध्ये कारखाना काढला तो वडिलांच्याच जिवावर. हिशेबाला शिस्त लागली ती पुढे टेलर हा व्यवस्थापक आल्यावर. पण पैशाने भट्टी घेता येते, झिलई (भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर) नाही. लॉरा फ्राय या चित्रकर्तीने ओलसर भांड्यावर रंगीत मातीचा पातळ घोळ फवारायची युक्ती काढली. त्यामुळे गडद तपकिरी रंग कुठेही रेघ न दिसता पिवळ्यात मिसळत जातो. ‘टायगर आय’ झिलई तर १८८४ मध्ये ध्यानीमनी नसताना भट्टीतून निघाली. आत सोनेरी कण चमकताहेत अशी. पुन्हा हवी म्हटलं तर हमखास जमेना. १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाचं सुवर्णपदक आणि १९०० मध्ये तिथलाच ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, हे वडिलांच्या तिजोरीतून येत नाही हो.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुम्ही समजताय त्यापेक्षा गोष्ट कडू आहे. आपल्याकडचे कुंभार परदेशी प्रदर्शनात गेले नाहीत असं नाही. १८८६ मध्ये लंडनच्या ‘कलोनियल अँड इंडियन’ प्रदर्शनात आग्र्याच्या तुरुंगातले कारागीर नेले होते. त्यांत बक्षीराम नावाचे कुंभार होते, वय १०२ सांगितलं जाई. लोकांसमोर बसून काम करायचं, गर्दीने बघायचं. व्हिक्टोरिया राणीसाठी स्वोबोदा या चित्रकाराने त्यांचं व्यक्तिचित्रही केलं. तीनच वर्षांनी रुकवूडची फुलदाणी पॅरिसला मांडली गेली. आपल्याकडून माणूसच मांडला होता.

मला रुकवूडचा हेवा वाटतो तो पदकांपेक्षा भांड्याच्या बुडाचा. १८८६ पासून तिथे उलटा आर आणि पी जोडलेली खूण असे, दर वर्षी तिच्याभोवती एक ज्योत वाढे. १९०० साली चौदा झाल्या. शेजारी चित्रकाराची आद्याक्षरं. १८८७ मध्ये आलेला जपानी चित्रकार कातारो शिरायामादानी पगारी नोकर होता, तरी सही जपानी अक्षरांत करी. श्रीमंतांची हौस म्हणून हे उडवून लावायला मी तयार नाही.

कुंभारवाड्यावर लिहीनच. तुमच्या वाड्यातले रांजण एकाच घरातून यायचे असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या बुडाशी किंवा काठावर घडवणाऱ्याची काही खूण असायची का? आणि एखादा अजून शाबूत असेल तर बुडाचा फोटो पाठवा. वरून काढलेला नको.