वॉल्ट्झ 52 व्या वर्षी ‘सापडला’ नव्हता

क्रिस्टोफ वॉल्ट्झच्या फोटोसह एक मजकूर सतत फिरत असतो. हा ऑस्ट्रियन नट तीस वर्षं अपयशी होता, किरकोळ कामं करून दिवस काढत होता, त्याला कुणी ओळखत नव्हतं. 52 व्या वर्षी अमेरिकी दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोने त्याला शोधून काढलं, ऑस्कर मिळालं आणि मग त्याने मागे वळून पाहिलं नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. खचलेल्या माणसाला धीर द्यावा, हे खरंच. पण त्यासाठी एका नटाची तीस वर्षं पुसून टाकणं मला मान्य नाही.

‘कुणी ओळखत नव्हतं’ म्हणजे कुठे? वॉल्ट्झ 1956 साली व्हिएन्नात जन्मला. वडील नेपथ्यकार, आई वेशभूषाकार आणि आजी मारिया मायेन व्हिएन्नातल्या बुर्गथिएटर या नाट्यगृहाची अभिनेत्री. जर्मन भाषेतल्या नटाला बुर्गथिएटरपेक्षा मानाची जागा क्वचितच सापडेल. वॉल्ट्झ अभिनय शिकला व्हिएन्नाच्या माक्स राइनहार्ट सेमिनार या नाट्यशाळेत, पुढे न्यूयॉर्कला ली स्ट्रासबर्ग यांच्या संस्थेत. त्यानंतर झुरिच, कोलोन, हॅम्बुर्ग, साल्झबुर्ग अशा शहरांत नाटकं केली. तिकडच्या शहरांची स्वतःची नाट्यगृहं असतात, त्यांना सरकारी पैसा मिळतो आणि नट तिथे पगारावर असतात. सिनेमाचं तोंडही न पाहता नट तिथे सन्मानाने आयुष्य काढू शकतो. हे लक्षात न घेता हॉलिवूडच्या मापाने त्याला अपयशी ठरवणं अन्यायाचं आहे.

‘किरकोळ कामं’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. 1990 मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर ‘द ग्रेव्ही ट्रेन’ ही मालिका आली. ब्रुसेल्समधल्या युरोपीय नोकरशाहीवरच्या त्या मालिकेत इयन रिचर्डसनसारख्या कसलेल्या नटासमोर वॉल्ट्झ प्रमुख भूमिकेत होता, तोही इंग्रजीत. म्हणजे टॅरँटिनोच्या 2009 मधल्या चित्रपटाच्या एकोणीस वर्षं आधी. 1996 मध्ये जर्मन गायक रॉय ब्लॅकच्या आयुष्यावरच्या टीव्ही चित्रपटात तो नायक होता. जर्मन उद्योगपती घराण्यातल्या रिखार्ड ओएटकरच्या 1976 मधल्या अपहरणावर 2001 साली जो टीव्ही चित्रपट झाला, त्यात त्याने अपहरणकर्ता उभा केला. ग्रिमे हा जर्मन टेलिव्हिजनमधला अत्यंत प्रतिष्ठेचा पुरस्कार. तो त्याला 2002 मध्ये मिळाला आणि 2004 मध्ये पुन्हा. त्याआधी 2000 साली एक टीव्ही चित्रपट त्याने दिग्दर्शितही केला होता. याला किरकोळ कोण म्हणेल?

‘टॅरँटिनोने शोधलं’ हे अर्धंच खरं आहे. टॅरँटिनोच्या ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’मधल्या हान्स लांडा या नाझी अधिकाऱ्याला जर्मन, इंग्रजी, फ्रेंच आणि वर इटालियन बोलायचं होतं. ही भूमिका कुणाला करताच येणार नाही की काय, अशी भीती वाटत होती, हे टॅरँटिनोने स्वतःच सांगितलं आहे. शिवाय जर्मन नटांच्या निवडीचं काम सिमोने बेअर या कास्टिंग डिरेक्टरकडे होतं, म्हणजे शोध एकट्या टॅरँटिनोचा नव्हता. गरज दोन्ही बाजूंना होती, आणि चित्रपट अडला होता तो दिग्दर्शकाचा.

त्या मजकुरात एक गोष्ट मात्र खरी आहे. मे 2009 मध्ये कान चित्रपट महोत्सवात याच भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार घेताना, तुम्ही माझं जीवितकार्य मला परत दिलंत, अशा अर्थाचं तो टॅरँटिनोला उद्देशून बोलला. त्यामागची घुसमट मी नाकारत नाही. पण तो ‘परत’ म्हणाला, हे फॉरवर्ड करणाऱ्यांनी ऐकलेलं दिसत नाही. मुळात होतं, म्हणूनच ते परत मिळालं.

राहिलं ‘मागे वळून पाहिलं नाही’. तो तर रंगमंचाकडेच परत वळला. फेब्रुवारी 2013 मध्ये ‘जँगो अनचेन्ड’साठी दुसरं ऑस्कर घेतलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो अँटवर्पला रिचर्ड स्ट्राउसचा ‘रोझेनकावालिअर’ हा ऑपेरा दिग्दर्शित करत होता. मार्च 2020 मध्ये जन्मगावी, थिएटर आन डेर वीनमध्ये, त्याने बेथोव्हेनचा ‘फिडेलिओ’ बसवला. करोनामुळे नाट्यगृहं बंद झाली, तेव्हा रिकाम्या खुर्च्यांसमोर तो सादर करून त्याचं चित्रीकरण करण्यात आलं.