पुण्याची लस, आफ्रिकेतली मुलं आणि आमच्या काकांचा फॉरवर्ड

गेल्या मंगळवारी माझ्या धाकट्या बहिणीने बाळाचा दहा आठवड्यांचा डोस पुढे ढकलला. बाळाला ताप नाही, सर्दी नाही, काही नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "काकांनी ग्रुपवर टाकलंय ते वाचलंस का ताई? जरा माहिती काढू दे, मग बघू." आमचे थोरले काका निवृत्त आहेत. सकाळी सहाला फुलाचं चित्र टाकतात आणि सव्वासहाला जागतिक कारस्थान.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यात बनणारी मलेरियाची लस गरीब आफ्रिकन मुलांवर 'टेस्ट' करतात, गोऱ्यांवर कधीच नाही. नायजेरियात लशीने अकरा मुलं मारली आणि कंपनीने पैसे देऊन प्रकरण दाबलं. पोलिओचे थेंब मुलं वांझ व्हावीत म्हणून देतात. नायजेरियाने ते बंद केले आणि तिथली मुलं ठणठणीत आहेत. पालकांना कोणी विचारत नाही. शेवटी, डॉक्टर स्वतःच्या मुलांना लस देत नाहीत.

शेवटचं आधी उरकते. कुठले डॉक्टर? नाव नाही, गाव नाही. पुढे.

गोऱ्यांवर चाचणी नाही, हे साफ खोटं. मलेरियाच्या या लशीच्या, म्हणजे आर२१च्या, सुरुवातीच्या चाचण्या इंग्लंडमधल्या धडधाकट प्रौढांवर झाल्या. लस घेतल्यावर त्यांनी मलेरियाचे डास मुद्दाम चाववून घेतले. मग लस आफ्रिकेत गेली, कारण रोग तिथे आहे. २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चार मृतांतली तीन पाच वर्षांखालची मुलं. लस पुण्यात बनते म्हणून चाचणी पर्वतीच्या पायथ्याशी घ्यायची का? बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियातली ४,८०० मुलं शेवटच्या मोठ्या चाचणीत होती, आणि त्या कामाच्या अग्रभागी बुर्किना फासोचेच हलिदू तिंतो होते. आफ्रिकेतले शास्त्रज्ञ आपल्या फॉरवर्डमध्ये कधी येत नाहीत, तिथे फक्त रडणारी मुलं असतात.

आता अकरा मुलं. ती गेली हे खरं आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

१९९६ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, भयंकर साथ होती. फायझरचं पथक तिथल्या सरकारी रुग्णालयात गेलं आणि दोनशे मुलांवर प्रयोग केला. शंभरांना ट्रोव्हान हे तेव्हा बाजारातही न आलेलं औषध दिलं, शंभरांना आधीपासून वापरात असलेलं. पहिल्यांतली पाच मुलं गेली, दुसऱ्यांतली सहा. कंपनीचं म्हणणं, मृत्यू रोगाने झाले. पालकांचं म्हणणं, हा प्रयोग आहे हेच आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्याच आवारात परदेशी डॉक्टरांचं दुसरं पथक रुळलेलं औषध फुकट देत होतं, तेही या आयांना माहीत नव्हतं. नीतिसमितीचं मंजुरीपत्र तर मागची तारीख घालून नंतर बनवलेलं निघालं. २००९ मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरवर तडजोड केली.

पण काका, ट्रोव्हान ही लस नव्हती. ते प्रतिजैविक होतं, आजारी मुलांना दिलेलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने 'औषध' खोडून 'लस' केलं, आणि त्या एका शब्दावर सगळा डोलारा उभा राहिला. एवढं बोलतेच आहे तर हेही सांगते: ती साथ ज्या 'ए' प्रकाराच्या जंतूची होती, त्यावरची स्वस्त लस पुढे पुण्यातच बनली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती द्यायला सुरुवात झाली, किंमत डोसमागे अर्ध्या डॉलरहून कमी. पुढच्या दहा वर्षांत आफ्रिकेतल्या या साथींच्या पट्ट्यातून 'ए' प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. या दोन्ही लशी बनवणाऱ्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. कंपनी आहे, नफा कमावते. पण फॉरवर्डने तिला ज्या खुनात गोवलंय, त्याच रोगातून तिच्या लशीने मुलं वाचवली आहेत.

आणि पोलिओ. इथे माझा संयम संपतो.

'नायजेरियाने थेंब बंद केले', हे अर्धं खरं. २००३ मध्ये कानो आणि आसपासच्या काही राज्यांनी ते थांबवले. थेंबांत वंध्यत्व आणणारी संप्रेरकं आहेत, असं सांगणाऱ्यांत शरिया परिषदेचे प्रमुख दत्ती अहमद होते, आणि ते स्वतः डॉक्टर! लोकांनी विश्वास ठेवला, कारण ट्रोव्हान ताजं होतं. ज्यांची मुलं एकदा न विचारता वापरली गेली, त्यांनी दुसऱ्यांदा दार लावलं. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. आपल्याकडे थेंब दिल्यावर डाव्या करंगळीला शाई लावतात ना, तशीच तिथेही लावतात. उत्तर नायजेरियात कितीतरी घरांत थेंब न देताच शाई लागायची. नोंदीत मूल सुरक्षित, करंगळी जांभळी, आणि पोटात काहीच नाही.

'ठणठणीत' मुलांचं काय झालं? नायजेरियातले पोलिओचे रुग्ण २००३ मध्ये साडेतीनशेच्या आसपास होते, २००६ मध्ये अकराशेच्या वर गेले. तिथला विषाणू वीसेक देशांत पोचला. बंदी साधारण अकरा महिन्यांनी उठली, ती इंडोनेशियात बनलेले थेंब आणल्यावर, कारण मुस्लीम देशातले म्हणून ते चालले. आणि दहा वर्षं पोलिओ नसलेल्या त्याच इंडोनेशियात २००५ मध्ये तो विषाणू पोचला आणि तीनशेच्या आसपास मुलं अपंग झाली. २०१३ मध्ये कानोत थेंब पाजणाऱ्या नऊ जणींना गोळ्या घातल्या. ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका निसर्गात आढळणाऱ्या पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाली, ती अशाच बायकांनी दारोदार फिरून. वंध्यत्वाचं म्हणाल तर नायजेरियाची लोकसंख्या २००६ च्या जनगणनेत १४ कोटी होती, आज २२ कोटींच्या पुढे आहे. कारस्थान करणाऱ्यांनी पैसे परत मागावेत.

उरला 'पालकांना विचारत नाहीत' हा मुद्दा. इथे काकांना, नाइलाजाने, थोडे गुण द्यावे लागतील. २०१९ पासून घाना, केनिया आणि मलावीत मलेरियाची आधीची लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली. त्यात लशीच्या सुरक्षिततेबद्दलच्या शंकांची तपासणीही चालू होती, तरी पालकांकडून वेगळी लेखी संमती घेतली नाही. मूल केंद्रावर आणलं म्हणजे संमती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा पवित्रा. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२० मध्ये यावर टीका केली आणि ती मला रास्त वाटते. आपणही शहाणे नाही. २००९ च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी, लस देताना आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या चालवून घेतल्या होत्या. पण त्याच तीन देशांतून पुढे आलेला आकडा फॉरवर्डमध्ये नाही: लसीच्या वयोगटातल्या मुलांचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. विचारलं नाही, ही तक्रार खरी. म्हणून लसच विषारी, हे कुठून आलं?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि दहा मिनिटांनी लिंबूपाण्याने किडनी साफ होण्याचा व्हिडिओ. बहीण शुक्रवारी जाणार आहे. तापाचं औषध आणून ठेवलंय, आणि कार्डातल्या त्या रिकाम्या चौकोनापाशी तिने पेन्सिलीने तारीख घातली आहे.