रबराच्या एका पट्टीसाठी वरची मंजुरी

सरकारी रुग्णालयात काही बिनसलं की पहिला शिव्या खातो तो अधीक्षक. नातेवाईक ओरडतात, पुढारी दमात घेतात, वरिष्ठ भर बैठकीत पाणउतारा करतात. खा शिव्या, जबाबदारी तुझीच! पण अधिकार?

आमच्या शस्त्रक्रियागृहात वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह यंत्र आहे, त्याच्या दाराचं गॅस्केट फाटलं. रबराची साधी पट्टी. ती गेली की वाफ बाजूने निसटते, दाब धरत नाही. १२१ अंशांवर १५ मिनिटं किंवा १३४ अंशांवर ३ मिनिटं वाफ मिळाल्याशिवाय हत्यारं निर्जंतुक झाली असं म्हणता येत नाही. म्हणजे ऑपरेशनं बंद. सिझेरियनच्या बाईला ऐन कळांमध्ये दुसरीकडे पाठवावं लागलं. आणि ती पट्टी विकत घ्यायचा अधिकार मला नाही! दुरुस्तीच्या लेखाशीर्षातले, म्हणजे त्याच कामासाठी राखलेले, पैसे संपलेले. यंत्रखरेदीच्या शीर्षात पैसे पडून आहेत, पण ते इकडे वळवायचे तर प्रस्ताव वर पाठवा. प्रस्ताव त्रुटी काढून परत आला: तीन दरपत्रकं जोडा. अहो, तो भाग बनवणारी कंपनी एकच आहे, तीन दरपत्रकं आणू कुठून? तसं लिहून दिलं, तर एकाच पुरवठादाराकडून घेण्यासाठी वेगळी मंजुरी. टेबलं बदलत फाइल फिरतेय आणि इथे पेशंट ताटकळतायत.

माणसांचंही तेच. रिकामी पदं भरणं माझ्या हातात नाही, दांड्या मारणाऱ्यावर कारवाई माझ्या हातात नाही. नोटीस काढायची आणि अहवाल वर धाडायचा, बस्स.

पैशांची तर तऱ्हाच वेगळी. वर्षभर ठणठणाट, आणि वर्ष संपता संपता अनुदान येऊन पडतं. मुदतीत खर्चा, नाहीतर परत जाईल. मग गरजेचं राहतं बाजूला, पटकन मिळेल ते घेतलं जातं. काटकसर करून वाचवावं, तर पुढच्या वर्षीची तरतूदच कापतात.

हे दुखणं जुनं आहे. ब्रिटनमध्ये १९८३ साली रॉय ग्रिफिथ्स या सुपरमार्केट चालवणाऱ्या माणसाला सरकारी आरोग्यसेवेचा कारभार तपासायला सांगितलं होतं. इथे नेमकं जबाबदार कोण, तेच त्याला सापडेना. प्रत्येक पातळीवर एक व्यवस्थापक नेमा, असं त्याने सुचवलं. पुढे २००४ पासून तिथल्या काही रुग्णालयांना शिल्लक पैसा स्वतःकडे ठेवायची मोकळीकही मिळाली. म्हणजे हे करता येतं, करायची इच्छा हवी.

खरेदीत पैसे खाल्ले जातात, नियम त्यापायीच आले, हे मला मान्य आहे. हिशेब घ्या, पैन् पैचा घ्या. खोट सापडली तर मला घरी बसवा. पण खर्चानंतर तपासा ना! पट्टी बदलण्याआधीच चार सह्या कशाला? चोर त्या चार सह्यांमधूनही वाट काढतो, अडकतो तो नियमाने चालणारा.

उद्या पेशंट दगावला तर चौकशी समिती मलाच विचारणार, पर्यायी व्यवस्था का केली नाही? खिशातून पैसे घालून पट्टी आणली असती तर तेही नियमबाह्यच ठरलं असतं. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती माझ्या सहीने होऊ द्या. ते जमत नसेल, तर ती फाइल ज्या ज्या टेबलावर पडून राहिली, त्या प्रत्येकाचं नाव चौकशी अहवालात माझ्या नावाशेजारी लिहा.