घर जळलं हे खरं, मग फोटोही खराच हवा

५ ऑगस्ट २०२४ ला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून गेल्या आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धडाधड फोटो यायला लागले. एकात दुमजली घर पेटलेलं, खाली ओळ : 'हिंदू क्रिकेटपटू लिटन दासचं घर जाळलं.' पाठवणारे आमचे धाकटे काका.

मी शोधलं. घर नडाइलमधलं, मशरफी मुर्तझाचं. बांगलादेशचा माजी कर्णधार, हसीनांच्याच अवामी लीग पक्षाचा तेव्हाचा खासदार, धर्माने मुसलमान. घर जळल्याची बातमी खोटी आहे, असं लिटनने स्वतःच फेसबुकवर लिहिलं. काकांना हे कळवलं तर ते चिडले. "अरे, तिकडे हिंदूंची घरं जळतायत हे तर खरं ना? मग फोटो कुणाचा याचा कीस कशाला पाडतोस?"

पहिलं वाक्य खरंच आहे. ढाक्याच्या 'प्रथम आलो' या दैनिकाने आपल्या बातमीदारांकडून माहिती गोळा केली. ५ ते २० ऑगस्टमध्ये अल्पसंख्याकांची १,०६८ घरं-दुकानं आणि २२ प्रार्थनास्थळं हल्ल्यांत सापडली होती. तिथल्या हिंदू-बौद्ध-ख्रिश्चन ऐक्य परिषदेने ४ ते २० ऑगस्टच्या २,०१० घटना आणि ९ मृत्यू नोंदवले. हे आकडे वाचल्यावर झोप लागत नाही, आणि लागूही नये.

पण पुढे काय झालं बघा. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने परिषदेच्या दाव्यांवरच्या पोलीस तपासाचा निष्कर्ष सांगितला : १,२३४ घटना राजकीय, धार्मिक फक्त २०, आणि १६१ दावे खोटे. 'राजकीय' हा शिक्का मला अजिबात पटत नाही. हिंदू म्हणजे अवामी लीगचाच मतदार, असं गृहीत धरून दुकान फोडलं, तर त्यातलं राजकारण कुठे संपलं आणि धर्म कुठे सुरू झाला? हा प्रश्न लावून धरायला हवा होता. पण वाद घालायला बसलं की समोरचा लिटन दासचा फोटो काढून दाखवतो. चट्टोग्रामचं नवग्रह मंदिर जाळल्याचा व्हिडिओ दाखवतो, ज्यात आग मंदिराला नव्हे, मागच्या अवामी लीगच्या कचेरीला लागलेली होती. मग ती १,०६८ घरं-दुकानं बाजूलाच राहतात.

आणि त्याच देशात न तपासलेल्या फोटोने काय केलंय? २९ सप्टेंबर २०१२ ची रात्र, कॉक्स बाजारजवळचं रामू. एका बौद्ध तरुणाच्या फेसबुकवर कुराणाचा अवमान करणारा फोटो दिसला म्हणून जमाव उठला. तो फोटो त्याने टाकलाच नव्हता. तरी पहाटेपर्यंत बौद्ध विहार जळून गेले, लाकडी, जुने विहार. २०१६ मध्ये नासिरनगरला एका हिंदू कोळ्याच्या नावावरच्या पोस्टमुळे हिंदूंची घरं आणि मंदिरं फोडली गेली. तिथल्या अल्पसंख्याकांना खोट्या पोस्टची किंमत आपल्यापेक्षा फार चांगली ठाऊक आहे. त्यांच्याच नावाने आपण तशा पोस्ट पुढे ढकलाव्यात, हे मला सहन होत नाही.

शेवटी मी 'प्रथम आलो'ची ती बातमी आणि ऐक्य परिषदेचे आकडे मोबाइलवर मराठी करून घेतले आणि काकांना पाठवले. जिल्हा, घटना, नुकसान. रात्री उशिरा त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. "पूर्ण वाचलं रे. ते नऊ जण कोण होते, कुठे लिहिलंय का?"