वडापावचे दोन लाख आणि डिग्रीची रद्दी

बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात हा मेसेज येतो. 'पालकांनो, डोळे उघडा' असा मथळा, आजूबाजूला जोडलेले हात, आणि शेवटी 'पटलं तर किमान दहा जणांना पाठवा'. यंदा मला तो चार ग्रुपवर आला. शाळेच्या दोस्तांचा, सोसायटीचा, भावकीचा आणि, गंमत म्हणजे, आमच्या कॉलेजच्या शिक्षकांचाही. मजकूर थोडक्यात असा: गेट्स, झुकरबर्ग, धीरूभाई, सचिन, यांच्यापैकी कुणाकडे डिग्री होती? वडापाववाला महिन्याला दोन लाख कमावतो आणि इंजिनिअर पंधरा हजारांवर राबतो. सरकारी आकडेच सांगतात की बेकारी पदवीधरांत जास्त. कंपन्या आता डिग्री विचारत नाहीत. तेव्हा कॉलेजात तीन वर्षं घालवू नका, तीन महिन्यांचं स्किल शिका.

मी तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत टेबलावर बसतो. यंदा एक रिक्षावाले भाऊ मुलाला घेऊन आले. फॉर्मच्या आधी त्यांनी मोबाइल पुढे केला. "सर, हे खरंय का?" मुलाला ७१ टक्के. मागे रांग वाढत होती, तेव्हा धड बोलता आलं नाही. जे बोलायचं होतं ते असं.

आधी ती मोठी नावं. गेट्स आणि झुकरबर्ग यांनी कॉलेज सोडलं हे खरंच आहे, पण सोडलं ते हार्वर्ड. तिथे प्रवेश मिळण्यातच अर्धी परीक्षा झालेली असते. गेट्स यांच्या शाळेत १९६८ साली मुलांना कॉम्प्युटरचं टर्मिनल हाताळायला मिळत होतं. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. धंदा बुडाला असता तर परत जायला वाट होती. आमच्या मुलाने एफवायला कॉलेज सोडलं तर परत यायची वाट बहुतेकदा मोंढ्यात हमालीपाशी संपते.

सचिन सोळाव्या वर्षी, १९८९ साली, कसोटी खेळला. पण त्याआधीची वर्षं शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या हाताखाली गेली. सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि सराव संपेपर्यंत बाद झाला नाही तर ते नाणं सचिनचं. हेसुद्धा शिक्षणच, फक्त त्यावर विद्यापीठाचा शिक्का नाही. तीन महिन्यांचं तर मुळीच नाही. आणि घरी वडील कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक होते, हे मेसेजवाल्याला सोयीने आठवत नाही.

धीरूभाईंचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं, कारण ते मेसेजवरच उलटतं. ते मॅट्रिकनंतर एडनला नोकरीला गेले, हे बरोबर. पण स्वतःच्या मुलांचं त्यांनी काय केलं? मुकेश माटुंग्याच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअर झाले आणि पुढे स्टॅनफर्डला गेले. तिथून त्यांना अर्ध्यात परत आणलं, तेही माटुंग्याची डिग्री पदरात पडल्यावर. अनिल व्हार्टनचे एमबीए. डिग्रीशिवाय धंदा उभा करणं म्हणजे काय, हे ज्याने अंगावर काढलं होतं, त्याने पोरांना कॉलेजात धाडलं.

आता वडापाव. हा दोन लाखांचा आकडा आला कुठून? मुंबईत एका मुलाने एक दिवस वडापावच्या गाडीवर उभं राहून व्हिडिओ केला, तो २०२४ मध्ये खूप फिरला. दिवसात ६२२ वडापाव गेले, १५ रुपयांना एक, गल्ला नऊ हजारांच्या वर. त्याला तीसने गुणलं, दोन लाख ऐंशी हजार झाले, खर्चाचे ऐंशी हजार वजा केले, उरले दोन लाख. झालं! पेन घेऊन बसा. महिन्याचे साडेअठरा हजार वडापाव आणि खर्च ऐंशी हजार, म्हणजे एका वडापावला सव्वाचार रुपये. त्यात पाव, बटाटा, बेसन, तेल, चटणी, तळलेली मिरची, गॅस, कागद, जागेचं भाडं आणि गाडीवरच्या पोराचा पगार. ज्याने कधी पावाची लादी विकत आणली आहे तो इथेच हसेल. शिवाय महिन्याला तीस दिवस धंदा, एकही सुटी नाही, मुंबईत पाऊस नाही, पालिकेची गाडी नाही, 'वरचं' काही द्यायचं नाही. आणि पहाटे चारला उठून बटाटे सोलणारी घरची बाई कुठल्याच हिशेबात नाही.

वडापावच्या धंद्याला मी कमी लेखत नाही. आमच्या एसटी स्टँडवरचा गाडीवाला माझ्यापेक्षा चोख हिशेब ठेवतो. त्याची मुलगी यंदा फार्मसीला गेली. तिला गाडीवर का नाही उभं केलं, असं एकदा विचारलं तर म्हणाला, "सर, तेलाजवळ वीस वर्षं उभे राहून बघा, मग बोलू."

इंजिनिअरच्या पगाराचं मात्र मेसेज फार चुकीचं सांगत नाही. मोठ्या आयटी कंपन्यांचा नव्या मुलांचा पगार कितीतरी वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेला आहे. पण यावर उपाय डिग्री सोडणं नाही, ऑफर लेटर वाचता येणं आहे, आणि ते आम्ही कॉलेजवाले शिकवत नाही. ३ लाख ६० हजारांचं पॅकेज असलेलं एक पत्र एका विद्यार्थ्याने दाखवायला आणलं होतं. घरात पेढे वाटून झाले होते, महिना तीस हजार धरून. त्यात ३६ हजार 'व्हेरिएबल', म्हणजे मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८०० त्यातच. ग्रॅच्युइटी त्यातच, जी पाच वर्षं टिकल्याशिवाय सहसा हातात पडत नाही. विम्याचा हप्ताही त्यातच. मग मुलाच्या वाट्याचे १,८०० कापायचे आणि व्यवसाय कराचे २००. हातात येणार बावीस हजारांच्या आसपास. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेस आणि बस वजा करून उरतं काय, ते त्याने माझ्यासमोर पाठकोऱ्या कागदावर मांडलं. नोकरी घेतलीच, पण पोराने बाँडचं पान दोनदा वाचलं.

बेकारीचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. सरकारच्या श्रमबल पाहणीत निरक्षरांपेक्षा पदवीधरांत बेकारीचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं आहे. पण तिथे बेकार म्हणजे ज्याला काम नाही आणि जो काम शोधतो किंवा करायला तयार आहे तो. घरच्या शेतात बिनपगारी राबणारा त्या पाहणीत रोजगारातच धरला जातो. बटाटे सोलणारी ती बाईसुद्धा. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, त्याला बेकार राहणं परवडत नाही. तो मिळेल ते करतो. बीए झालेला दोन वर्षं सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून बसू शकतो, कारण मागून कुणीतरी पैसे पाठवतं. तेव्हा या आकड्यांवरून 'शिकलात म्हणून बेकार झालात' असं निघत नाही. शिकलेला पोरगा मनासारख्या कामाची वाट बघतो आणि तशी कामं कमी आहेत, एवढंच निघतं. हेही दुखणंच आहे, पण औषध वेगळं.

कंपन्या डिग्री विचारत नाहीत म्हणे. काही बड्या कंपन्या काही जागांसाठी नाही विचारत. तलाठ्याच्या, बँकेतल्या क्लार्कच्या, राज्यसेवेच्या अर्जात तो रकाना आहे आणि तो रिकामा ठेवता येत नाही. पुढे जाऊ.

राहिला तीन महिन्यांचा कोर्स. त्या रिक्षावाल्या भाऊंच्या खिशात एका क्लासचं पत्रक होतं: 'डिजिटल मार्केटिंग व टॅली, १००% प्लेसमेंट'. नीट पाहिलं तर प्लेसमेंटच्या पुढे बारीक अक्षरात 'सहाय्य' होतं. फी पंचेचाळीस हजार. आमच्याकडची बीकॉमची तिन्ही वर्षांची फी मिळूनही तेवढी होत नाही. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकूच नका असं मी म्हणत नाही, जरूर शिका. पण डेबिट-क्रेडिट कळत नसताना टॅली शिकलेला मुलगा बटणं दाबतो आणि पहिल्याच जीएसटी रिटर्नला अडतो.

मला खरा राग आहे तो 'शिका किंवा कमवा' या वाटणीचा. अरे, ही वाटणी महाराष्ट्राने केव्हाच मोडली आहे! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत काढली, १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं आणि पोरांना सांगितलं, कमवा आणि शिका. मुलं शेतात राबली आणि शिकली. आजही विद्यापीठांत त्या नावाची योजना चालते. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांना पदवी देतंय. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. चाकण, वाळूज, सातपूरला आयटीआयची पोरं त्याच वाटेने शिरली. नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत, फक्त ते ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेलं नसावं. आमच्याकडे निम्मी सर्टिफिकेटं तशीच येतात, आणि आम्ही ती घेतो.

जाता जाता एक. भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज ज्या काकांनी टाकला, त्यांचा नातू पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, मॅनेजमेंट कोट्यातून. मी तिथे काही लिहिलं नाही, गणपतीला गाठ पडणार आहे.

रिक्षावाल्या भाऊंच्या मुलाने बीकॉमला प्रवेश घेतला. सकाळी कॉलेज, दुपारी एका कर सल्लागाराकडे बिलं लावायला जातो, महिना पाच हजार. वडिलांकडे आता माझा नंबर आहे. परवा त्यांचा मेसेज आला: 'पदवीधरांना सुवर्णसंधी, घरबसल्या दिवसाला तीन हजार, नोंदणी फी फक्त ४९९'. खाली त्यांनी स्वतः टाइप केलं होतं: "सर हे पण वडापावच ना?"